दोन चाकांची भ्रमंती : पाताळगंगेच्या काठाने एक दिवस

स्नानाच्या वेळी सात नद्यांची नावे घेण्याचा प्रघात आपल्या घरांतून अद्याप सर्वस्वी लोपलेला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी या सात जणींना तांब्याभर पाण्यात बोलवावे आणि मग ते पाणी मस्तकावर घ्यावे, हा संस्कार लहानपणी ज्यांस घडला, त्यांच्या मुखातून तो श्लोक आजही आपसूक निघून जातो. परंतु नळाने बादलीत ओतलेले पाणी कोणत्या आठव्या नदीचे आहे, असे त्याच वेळी कोणी विचारिले, तर घरातील किती माणसांस उत्तर देता येईल? पनवेल येथील चार-पाच परिचित बिऱ्हाडी हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारून पाहिला. कोणी म्हणाले धरणाचे, कोणी म्हणाले महापालिकेचे, एका गृहस्थांनी टँकरचे म्हणून सुस्कारा टाकिला. नदीचे नाव मात्र एकाही ठिकाणी चटकन ओठांवर आले नाही.

पनवेलच्या नळांस येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा पाताळगंगेचा आहे. उत्तर कोकणातील नद्या सायकलवरून काठाकाठाने पाहण्याचा जो उपक्रम आम्ही या सदरातून वाचकांपुढे मांडीत आहो, त्यातील या नदीचा दिवस पनवेलास मुक्काम ठेवून झाला. एकाच घरातील आम्ही सात माणसे, त्यांत सर्वांत वडील चौसष्ट वर्षांचे व सर्वांत धाकटी चौदा वर्षांची, पहाटे साडेपाचास निघून सुमारे शंभर किलोमीटरांचा फेरा पुरा करून दिवेलागणीस परतलो. याच मुलुखातून मोटारीने आम्ही कितीदा तरी गेलो असू. परंतु पुलावरून मोटार जाते, त्या चार निमिषांत नदीची ओळख होत नाही. सायकलचा वेग माणसाच्या डोळ्यास व कानास मानवणारा आहे, आणि थांबावेसे वाटले म्हणजे पाय टेकला की झाले.

नदीकाठाने लांबचा प्रवास करण्याची हौस युरोपात मोठी आहे. डॅन्यूब नदीच्या काठाने पासाउपासून व्हिएन्नापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे व लहान मुलांस बरोबर घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे तो दरसाल आक्रमितात. असले मार्ग इतके सपाट कसे, याचे कारण जुन्या व्यवहारात सापडते. आगगाडी व आगबोट येण्यापूर्वी प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या मालाच्या नावा काठावरून घोडे दोराने ओढीत असत. त्या घोड्यांकरिता पाण्यालगत जी वाट राखली गेली, तीच पुढे सायकलवाल्यांच्या कामी आली. कोकणात हे घडले नाही, कारण येथे ओढण्याचे काम समुद्रच करी. भरतीबरोबर मचव्यांनी आत यावे व ओहोटीबरोबर बाहेर पडावे, असा क्रम असताना काठाने घोडे कशाला हवेत? यास्तव कोकणच्या नदीस सलग काठरस्ता नाही. कोठे गाडीरस्ता, कोठे खाजणाचा बांध, कोठे वाडीतून उतरणारी पायवाट, अशी ती तुकड्यातुकड्यांनी गाठावी लागते.

तथापि नदीच्या सोबतीने चालण्याचा वारसा आपल्याकडे थोडाथोडका नाही. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. तिला सदैव उजव्या हातास ठेवून, मध्ये कोठेही न ओलांडता, एका तीराने जाऊन दुसऱ्या तीराने परतावयाचे, आणि शास्त्रोक्त करावयाची तर या परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस द्यावयाचे, हा आपलाच परिपाठ आहे. हल्ली काही जण ती सायकलवरूनही करितात. नदीस दृष्टीआड होऊ द्यावयाचे नाही, हे त्या व्रताचे सूत्र एका दिवसापुरते का होईना पाळावे, असे आम्ही ठरविले.

पनवेल हे गाढी नदीच्या खाडीवरील जुने बंदर. भोर घाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला, तेव्हापासून मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलास उतरे व तेथून गाडीने घाटाची वाट धरी. येथील बैलगाडीची चाके त्या काळी घाटावर नावाजलेली होती; माल घेऊन उतरलेला गाडीवान परतताना चाकांचा एक जोड घेतल्यावाचून जात नसे, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. १८६३ साली भोर घाटातून आगगाडी सुरू झाली आणि बंदराची ती वर्दळ ओसरली. आम्ही मात्र त्याच गाडीवानांच्या वाटेने, म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, खोपोलीकडे निघालो. शेजारून जाणारा द्रुतगतीमार्ग २००२ सालापासून पूर्ण खुला आहे, परंतु त्यावर सायकलीस मज्जाव आहे.

पौषातील पहाट असल्याने अंगात लोकरीचे घालूनही बोटे गारठत होती. पुढे पांढरा दिवा व मागे तांबडा, असे एकामागून एक जाताना पहिला तासभर कोणी फारसे बोलले नाही. चौकच्या आसपास उजाडले आणि डाव्या हातास इर्शाळगडाचा सुळका स्पष्ट झाला. त्या गडाच्या कुशीतील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. पाणी जीवन देते व पाणीच डोंगर खाली आणते, हे त्या सुळक्याकडे पाहून वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही तेथे सायकली उभ्या करून क्षणभर स्तब्ध राहिलो. याच परिसरात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. धावरी ही पाताळगंगेस मिळणारी नदी, आणि त्या धरणाचे पाणी नवी मुंबईची घरे पितात. म्हणजे खाडीच्या दोन्ही अंगांस वाढलेल्या एवढ्या मोठ्या वस्तीची तहान या एका नदीच्या कुटुंबावर किती अवलंबून आहे, हे ध्यानात यावे.

खोपोलीस पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. घाटाच्या पायथ्याशी नाना फडणविसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ व तळे आहे; घाट चढण्यापूर्वी माणसांनी व बैलांनी विसावा घ्यावा, पाणी प्यावे, ही दृष्टी त्या बांधकामामागे उघड दिसते. याच गावी टाटांचे वीजगृह १९१५ सालापासून चालू आहे. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली सोडतात, त्या वेगाने चाके फिरतात व वीज उत्पन्न होते. काम संपलेले पाणी खाली नदीत सोडून देतात. मुंबईत विजेची मागणी वाढली की चाके फिरावयाची, आणि चाके फिरली की नदीचे पाणी वाढावयाचे, असा हा क्रम आहे. कोकणातील बहुतेक नद्या माघ-फाल्गुनात दगडगोट्यांच्या रांगा होऊन पडतात. पाताळगंगा मात्र वैशाखातही वाहते, ती या सोडलेल्या पाण्यामुळे.

आता यातील खरी गोष्ट पाहा. लोणावळा व वळवण येथील तलाव इंद्रायणीच्या उगमाकडील आहेत. इंद्रायणी पूर्वेस जाते, भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. घाटमाथ्यावर बांध घालून ते पाणी पश्चिमेस वळविले, म्हणून ते आज खोपोलीस उतरून अरबी समुद्राची वाट धरिते. आमच्यातील वडील माणसाने हे सर्व हाताने दिशा दाखवून समजावून सांगितले, तेव्हा चौदा वर्षांची आमची मुलगी थोडा वेळ डोंगराकडे पाहत राहिली व म्हणाली, “आजोबा, म्हणजे आळंदीला जाणारं पाणी आपण पनवेलात पितो?”

“होय बाळ. सगळं नव्हे, पण त्यातलं काही.”

“मग आळंदीला कमी पडत असेल ना?”

या प्रश्नावर मोठ्यांपैकी कोणाजवळही तयार उत्तर नव्हते. वीज हवी, कारखाने हवेत, घरात नळ हवा, हे आपणा सर्वांस मान्य आहे. टाटांच्या पुढील योजनेत मुळशीची शेते बुडावयाची पाळी आली, तेव्हा १९२१ सालापासून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली जो सत्याग्रह झाला, तो याच प्रश्नाचा एक रोकडा अवतार होता. एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्याने घ्यावे की न घ्यावे, हा वाद मोठ्या न्यायाधिकरणांचा आहे व तो येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु घेतल्याची जाणीव असावी आणि घेतलेली वस्तू नीट सांभाळावी, एवढे तर कोणत्याही सुसंस्कृत घरास कळते. शेजारच्या घरून आणलेले पातेले आपण घासून पुसूनच परत करितो.

खोपोलीहून उतार लागतो. सावरोलीवरून खारपाड्याकडे जाणारा रस्ता पाताळगंगेच्या खोऱ्यातून जातो. नदी घटकेत दिसते, घटकेत झाडांआड जाते. खोपोलीजवळ साजगावास विठोबाचे देऊळ आहे. तेथील यात्रा कार्तिकी एकादशीपासून भरते व तीत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, म्हणून लोक प्रेमाने देवासच ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. कोकणच्या देवाने कोकणच्या माणसाचे अन्न आपल्या नावास लावून घेतले, यात आमच्यासारख्या शाकाहारी मंडळींनी नाक मुरडण्याजोगे काही नाही. उलट पंढरीच्या देवाची ती मोठी माया म्हणावी.

पुढे एका सायकलीच्या मागल्या चाकात बाभळीचा काटा गेला. सतरा वर्षांच्या मुलाने चाक काढून, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून भोक शोधिले, घासून ठिगळ लाविले व वीस मिनिटांत चाक पुन्हा चढविले. तोवर शेजारच्या वाडीतील एका वृद्ध बाईने पाण्याचा तांब्या व गुळाचा खडा आणून ठेविला. पाणी विकतच्या मोठ्या जारातील होते. पन्नास पावलांवर नदी झुळझुळत असता हे पाहून मुलीस राहवेना. “आजी, नदी एवढी जवळ, मग पाणी विकतचं का?” तिने विचारिले. बाई सहज म्हणाली, “ती आता धुण्याची हाय गो बाय, पिण्याची नाय.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हेच आम्हांस अधिक लागले. जे पाणी उपसून, भोकरपाड्यास शुद्ध करून शहराच्या नळास येते, त्याच नदीच्या काठावरील माणसाने पाणी विकत घ्यावे, ही व्यवस्था काही तरी उलटी झाली आहे खास.

पुढे रसायनीचा टापू लागतो. १९६० नंतर येथे रासायनिक कारखाने उभे राहिले व त्यांवरूनच वस्तीस हे नाव पडले. हजारो कुटुंबांस त्यांनी भाकरी दिली, ती गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील जे ३५१ दूषित नदीभाग जाहीर केले, त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पाताळगंगेचे नाव आहे. इंद्रायणीचेही आहे. पनवेलच्या दुसऱ्या बाजूस तळोज्याजवळ कासाडी नदी आहे. २०१७ च्या ऑगस्टात त्या भागात निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसली, तेव्हा ते चित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. कुत्र्याच्या अंगावरील निळा रंग सर्वांस दिसला. पाण्यातील बिनरंगी विष दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही, एवढाच काय तो फरक.

आपट्याच्या सुमारास नदीचे रूप बदलते. गोट्यांवरून खळाळणारे पाणी मंद, गढूळ व रुंद होते, काठी चिखल दिसू लागतो, आणि समुद्राचा वास येतो. येथे एक जुने गणित मुलांस शिकविण्याची संधी मिळाली. पंचांगातील तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, असा कोकणच्या किनाऱ्यावरील लोकांचा आडाखा आहे. त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे ढकलते, हे त्याचे शास्त्र. नदीच्या आत शिरावयास पाण्यास आणखी थोडा वेळ लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. चार वाजता आम्ही खारपाड्याच्या पुलाजवळ उभे राहिलो, तो पाण्यावरील पालापाचोळा खरोखरच वरच्या अंगास, डोंगराकडे चालला होता. सकाळपासून जी नदी आमच्याबरोबर उतरत आली, तीच आता उलट वाहत होती. सतरा वर्षांच्या मुलाने घड्याळ पाहिले, दिनदर्शिका पाहिली आणि पणजोबांच्या पंचांगाविषयीचे त्याचे मत त्या दिवशी पुष्कळच सुधारले.

भरतीबरोबर समुद्र जसा आत येतो, तशी वरून सोडलेली घाणही लगेच समुद्रात जात नाही. भरती तिला मागे लोटते व ती काठच्या खाजणांत रेंगाळते. खाडीतील कोळ्यांचे पोट त्या चिखलावर आहे. नदीत टाकिले म्हणजे वाहून गेले, हा जो आपला सोयीचा समज आहे, तो कोकणच्या नदीपुरता तरी खोटा आहे, हे त्या उलट्या चाललेल्या पाचोळ्याने आम्हांस स्वच्छ दाखविले.

खारपाड्याहून पनवेलचा रस्ता कर्नाळ्याच्या खिंडीतून जातो. अंगठ्यासारखा उभा सुळका असलेला तो किल्ला व त्याभोवतीचे, १९६८ साली घोषित झालेले पक्षी अभयारण्य सर्वांच्या परिचयाचे आहे. खिंडीचा चढ मोठा नाही, परंतु ऐंशी किलोमीटरांनंतर लहान चढही मोठा होतो. दोघे-तिघे उतरून चालले, व त्यात कोणास कमीपणा वाटला नाही. पुढे शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली येथलाच. १८८३ साली एडन येथे, घरापासून समुद्रापार, त्यांचा अंत झाला. त्या गावी नमस्कार करून, दिवे लावून, आम्ही शेवटचा टप्पा उरकला.

हे वाचून घरातील वडीलधारी मंडळी काय म्हणतील, ते आम्ही जाणतो. रस्त्यावरील मालमोटारींची भीती व्यर्थ नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे पनवेलभोवतीचे रस्ते अहोरात्र धावते असतात. म्हणून काही नियम घालून घ्यावे. कार्तिक ते माघ हा काळ निवडावा. मोठा रस्ता उजाडण्यापूर्वी उरकावा व उन्हाचा वेळ गावरस्त्यास द्यावा. शिरस्त्राण, मागेपुढे दिवे व चकाकणारी जाकिटे यांवाचून कोणीही निघू नये. सर्वांत सावकाश चालविणारे माणूस पुढे ठेवावे व अनुभवी माणूस शेवटी. दर तासास थांबून पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. दशम्या, गूळ, शेंगदाणे व केळी यांहून चांगली शिदोरी आम्हांस अद्याप आढळलेली नाही. पहिल्याच खेपेस शंभर किलोमीटरांचा हव्यास न धरिता पंचवीस-तीसांवर समाधान मानावे. पनवेलकरांनी नेऱ्यावरून माथेरानच्या पायथ्याकडे गाढी नदीचा माग काढिला, तरी एक सुंदर सकाळ पदरी पडेल. आणि मुलींस घरी ठेवून केवळ मुलांस नेऊ नये. घरातील पाण्याची चिंता पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाहिली, त्यांच्या लेकींस नदी पाहण्याचा हक्क सर्वांआधी आहे.

प्रत्येक घराने नदी सुधारण्याचा विडा उचलावा, अशी आमची अपेक्षा नाही. परंतु ज्या वस्तूचे आपणांस नावही ठाऊक नाही, तिच्याविषयी कोणी कधी भांडत नाही, आणि तिच्याकरिता कोणी काही सोडीतही नाही. नाव कळले, गाव कळले, उगम डोळ्यांनी पाहिला, काठावरील एका म्हाताऱ्या बाईच्या हातचे पाणी प्यायलो, म्हणजे मोरीत काय ओतावे व काय ओतू नये, निर्माल्य कोठे न्यावे, निवडणुकीच्या वेळी दारी येणाऱ्या उमेदवारास काय विचारावे, या गोष्टी घरातील माणसांस सांगाव्या लागत नाहीत. आमच्या घरी तरी दुसऱ्याच दिवसापासून एक बदल झाला. सात नद्यांची नावे घेऊन झाली की धाकटी आठवे नाव मोठ्याने जोडते. श्लोकाचे वृत्त त्यामुळे मोडते, हे आजोबांस पटत नाही. पण त्यांनी तिला थांबविलेही नाही.

पुढील अंकी पेणच्या वाटेने अंबा नदीकाठी जाऊ. तोवर वाचकांनी आपल्या नळाच्या नदीचे नाव शोधून ठेवावे.